साफ करायच्या आधी फोटो

विश्रामबाग, सांगली
रविवार, २५ ऑगस्ट २०१९

प्रिय अविनाश,

तुझे मिस्ड कॉल पाहिले, मेसेजही पाहिले. उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर 'आम्ही बरे आहोत, पाणी उतरलं' एवढंच तोंडातून येतं, आणि पलीकडचा 'सुटलात बाबा' म्हणून फोन ठेवतो. तुला दिवाळी अंकासाठी बारा फोटो हवेत, 'महापुराचे, पण नेहमीचे नकोत'. आज जरा सवड आहे, म्हणून पत्रच लिहायला बसलो. बारा मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी घरचं. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही. आई, सुनीता, पोरं ठीक आहेत. घरात पुरामुळं आलेली खानभागातली आणि सांगलीवाडीची मिळून सतरा माणसं होती. नळाला पाणी नाही, दूध मिळेल त्या भावानं, आणि आईचा हुकूम की कुणीही उपाशी झोपायचं नाही. परवा शेवटची मावशी गेली, तेव्हा घर एकदम मोठं वाटायला लागलं. खानभागातलं आपलं फोटोचं दुकान मात्र गेलं. ते पुढं सांगतो.

'आयर्विनला किती?', म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट, हे तुझ्या अजून कानात असेल. पावसाळा लागला की सांगलीचा माणूस 'कसा आहेस' विचारायच्या आधी हे विचारतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे पाढ्यांबरोबर पाठ झालं आपलं. भडंगाची पुडी घेऊन पुलावर पाणी बघायला जायचो, बाबा ओरडायचे. २००५ला पाणी साडेत्रेपन्नाच्या आसपास गेलं आणि अख्ख्या गावानं तो आकडा मनात धरला. नवीन घराचं जोतं 'पाचच्या पुराच्या' वर, लाईटचं मीटर त्याच्या वर, तिजोरीतली कागदं त्याच्या वर. यंदा झालं ५७ फूट ६ इंच. वरचे चार फूट कागदावर किरकोळ दिसतात. पण पलंगावर चढवलेली गादी आणि माळ्यावर टाकलेली गादी, यांच्यातलं अंतर तेवढंच असतं बघ.

५ तारखेला नागपंचमी होती. टीव्हीवर दिवसभर काश्मीरचं ३७० चाललेलं आणि इकडं शेरीनाल्यातनं पाणी आत यायला लागलेलं. आपली नदी समोरून येतच नाही, मागच्या दारानं येते. लोक घाटाकडं बघत बसतात आणि परसात पाणी लागलेलं असतं. कोयना, चांदोली दोन्ही धरणांतनं पाणी सुटलेलं, हरिपूरच्या संगमाला वारणा तुंबलेली, खाली पंचगंगेनं वाट अडवलेली. त्यात खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय, यावर इथं प्रत्येक चहाच्या टपरीवर एक तज्ज्ञ बसलाय. मी त्यात पडत नाही. चढलेलं पाणी उतरायलाच तयार नव्हतं, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

बाबांच्या निगेटिव्ह दुकानात होत्या, गोदरेजच्या कपाटात. पाचच्या खुणेच्या दीड फूट वरचा कप्पा मी स्वतः टेप लावून ठरवला होता, त्याचा तेव्हा अभिमानही वाटला होता. ६ तारखेला कंबरभर पाण्यातून जाऊन कॅमेरे, लेन्सा, हार्ड डिस्क काढून आणल्या. निगेटिव्ह ठेवल्या, कारण तिथवर पाणी येत नसतं. पंचेचाळीस वर्षांची लग्नं, बारशी, मुंजी होत्या त्यात. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर पाकिटं एकमेकांना चिकटून ढेकळं झालेली, आणि वास असा की शेजारचा पोरगा बाहेर पळाला. आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. 'थोड्या भिजल्या' म्हणालोय.

श्रावणात आमच्या धंद्याला सुट्टीच. त्यामुळे पाणी ओसरायला लागल्यावर गमबूट घालून गाळ काढणाऱ्या पोरांत सामील झालो. कुठून कुठून आली होती रे पोरं! स्वतःची पावडी-घमेली घेऊन, स्वतःच्या भाकरी बांधून. माझ्या गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कॅमेरा. खरं सांगतो, पहिल्या दिवशी माझं निम्मं लक्ष गाळात आणि निम्मं फ्रेममध्ये होतं. राडा तुडवत जाताना दिसेल ते सुंदर वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. झाडाच्या शेंड्याला अडकलेला पाळणा, विजेच्या तारेवर लोंबणारी साडी. असले पन्नासेक काढले. आता बघितले की वाटतं, हे कुणीही काढले असते. तुझे 'नेहमीचे' म्हणजे हेच.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या एका मंडळाचा ट्रक आला. तांदूळ, बिस्किटं, चादरी, सगळं मनापासून आणलेलं, त्यात खोट नाही. त्यांनी माझ्याकडचा कॅमेरा बघितला आणि म्हणाले, देतानाचे फोटो काढा. मी काढले. रांगेतली एक बाई, पन्नाशीची असेल, चादर घ्यायला हात पुढं केला आणि 'इकडं बघा ताई' असं ऐकल्यावर तिनं पदर तोंडावर ओढला. हात पुढंच. मी बटण दाबलेलं होतं. तांत्रिकदृष्ट्या तो माझा या पुरातला सगळ्यात चांगला फोटो आहे, उजेड असा काही पडलाय की विचारू नकोस. तो तुला पाठवणार नाही. मंडळालाही दिला नाही, कार्ड खराब झालं म्हणून सांगितलं.

माझा खरा उपयोग झाला तो पंचनाम्याला. झालं असं, की लोकांनी पाणी उतरलं रे उतरलं की घरं धुवायला घेतली. आपल्या बायका घाण बघून गप्प बसतात होय! फिनेल, ब्लिचिंग पावडर, खराटा. तलाठी यायच्या आत भिंत पांढरी. मग पाणी कुठपर्यंत होतं, फ्रीज गेला का कपाट गेलं, दाखवणार काय? यंदा सरकारी मदत शहरात कुटुंबामागं १५ हजार, खेड्यात १० हजार, आणि घर पडलं असलं तर वेगळं. पण नोंद झाली तर. फोन सगळ्यांचे भिजलेले नाहीतर बंद. तेव्हा आम्ही गल्लीत शिरताना ओरडत शिरायला लागलो, 'साफ करायच्या आधी फोटो! आधी फोटो!' भाजीवाल्यासारखं.

त्यातही शिकावं लागलं. पहिले फोटो तलाठ्यावरच्या सर्कल ऑफिसरनी परत केले. म्हणाले, ही भिंत कुणाच्या घरची, काय पुरावा? मग दारावरचा घर नंबर, त्यापुढं घरमालक उभा, शेजारी भिंतीवरच्या डागाला टेप धरलेला, आकडा वाचता येईल असा. नंतर आत एकेक वस्तू. उजेड, कंपोझिशन सगळं गेलं खड्ड्यात. तीन दिवसांत दोनशेच्या वर घरं झाली. रात्री घरी येऊन ४ बाय ६ च्या प्रिंट काढायच्या, सकाळी वाटायच्या. सुनीता मागं नाव आणि गल्ली लिहायची. हे फोटो बघायला गेलास तर अत्यंत रटाळ आहेत. सगळ्यात माणूस एकच वाटतो, टेप धरून ताठ उभा.

ब्रह्मनाळला ८ तारखेला पुरातून माणसं काढणारी बोट उलटून माणसं बुडाली ते तू वाचलंच असशील. तिकडं कॅमेरा घेऊन जाणार का, असं एकानं विचारलं. मी नाही गेलो. त्यावर आणखी लिहवत नाही.

आता जे मुख्य सांगायचं ते. पंचनाम्याचे फोटो काढताना बाया मागून हळूच काहीतरी आणायच्या. फ्रीज नाही, टीव्ही नाही. पिशवीत गुंडाळलेला अल्बम. 'दादा, तुमी फोटोवालं हाय न्हवं, ह्याचं काय करता ईल का बघा की.' चिकट पानांचे जुने अल्बम, देवघरातल्या फ्रेमा, आणि आम्हीच विकलेले लग्नाचे जाड करिझ्मा अल्बम, ज्यांची पानं फुगून एकजीव वीट झालेली. तीस-चाळीस हजारांची वीट ती. त्यातली एक तर माझ्याच दुकानाची होती, वर आमचा शिक्का.

सांगलीवाडीत एका आजींनी नवऱ्याची फ्रेम आणली. काचेच्या आत पाणी गेलेलं, कडा सुकायला लागलेल्या. मी धंद्यातला माणूस. मागचे खिळे काढले, ब्लेडनं कोपरा उचलला आणि ओढला. टोपी, कोट, खांदे कागदाबरोबर आले. चेहरा काचेवर राहिला. अविनाश, माझ्या एका हातात बिनचेहऱ्याचा माणूस आणि दुसऱ्या हातातल्या काचेवर त्याचे डोळे. आजींना वाटलं काचेला गाळ लागलाय. त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि पुसायला हात घातला. मी एवढ्यानं ओरडलो की त्या दचकून मागं झाल्या.

मग काच तशीच कागदावर ठेवली, जमेल तेवढी जुळवली, वरून फोटो काढला. घरी कॉम्प्युटरवर दोन रात्री बसून चेहरा धडावर बसवला. मान काही केल्या नीट बसेना. प्रिंट घेऊन गेलो. आजींनी खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, 'टोपी अशी घालत नव्हतं त्ये.' आणि खिळ्याला लावला. चूक मानेची होती, टोपीची नव्हे. मी काही बोललो नाही.

त्या रात्री शोधाशोध केली. २०११च्या त्सुनामीनंतर जपानात स्वयंसेवकांनी चिखलातून काढलेले लाखो फोटो धुतले होते, त्याचे व्हिडिओ सापडले. आपल्याला धंद्यात कुणी हे शिकवलंच नाही. फोटोचा रंग कागदावर नसतो, वरच्या जिलेटिनच्या थरात असतो. ते भिजून फुगतं, आणि सुकताना समोर जे असेल त्याला धरतं, काच असो नाहीतर प्लॅस्टिक. म्हणून ओला असेल तर ओलाच ठेवायचा. परातीत स्वच्छ गार पाणी, फोटो पाण्याखाली, बोटांनी घासायचं नाही, हलवून गाळ जाऊ द्यायचा. मग दोरीला चिमट्यानं, सावलीत. काचेला चिकटलेला असेल तर सोडवायच्या नादीच लागायचं नाही, काचेसकट तसाच ठेवून काचेतूनच फोटो काढायचा. कॅमेऱ्याच्या मागं काळं कापड धरलं की काचेवर चमक येत नाही. घरात नुसते फोटो वाळत घातलेत. आई म्हणते, पापड घालावेत तसे.

सडताना फोटो कसा जातो माहीत आहे? वरचा निळा थर आधी उतरतो, मग फोटो लालभडक दिसतो. मग लालही जातो आणि पिवळा उरतो. पिवळा सगळ्यात खाली. मग पांढरा कागद. एका लग्नाच्या फोटोत नवरी अजून लाल, नवरा पिवळा, भटजी गेलेला. बाबांच्या काळातले ब्लॅक अँड व्हाईट मात्र टिकले. धुतले की चक्क पुन्हा उभे राहतात. हे बाबांना सांगायला हवं होतं. रंगीत आल्यावर ते फार चिडले होते.

तर तुझ्या अंकासाठी सहा फोटो पाठवतो. पाच टेप धरलेल्या माणसांचे. हसू नकोस, पाच शेजारी शेजारी छापून बघ, आकडे गल्लीगणिक कसे बदलतात ते. सगळ्यांना विचारून घेतलंय. सहावा खानभागातला. एका घराच्या भिंतीवर पाचच्या पुराची रेघ ऑइलपेंटनं मारलेली, शेजारी तारीख. घरातले म्हातारे गृहस्थ स्टुलावर चढून तिच्या बऱ्याच वर पेन्सिलनं नवी रेघ मारतायत, नातू स्टूल धरून उभा. फोटो झाल्यावर त्यांनी मला विचारलं, 'पेंट आत्ताच मारू, का सप्टेंबर जाऊ दे?' मी म्हटलं, सप्टेंबर जाऊ दे.

फोटोखाली माझं नाव घालायचं तर घाल, पण 'छायाचित्रकार' लिहू नकोस, मानधन देऊ नकोस. त्याऐवजी ग्लॉसी कागदाचे रोल पाठव. इथल्या दुकानदारांचा माल भिजलाय, आणि माझ्याकडं रोज दहा-बारा लोक येतात. गणपतीला येणार असशील तर सोबतच आण. २ तारखेला बसतोय. आमच्या कुंभाराच्या निम्म्या मूर्ती विरघळल्या, यंदा गल्लीत एकच गणपती करायचं ठरलंय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप

ता. क. तुमच्या लग्नाचा अल्बम पुण्यातच आहे ना? बाबांनी काढलेला. त्याची निगेटिव्ह आता नाही. येताना घेऊन ये, कॉपी करून ठेवतो. आणि तोवर तो तळमजल्यावर ठेवू नकोस.