सरासरी छापता, तिची चूकही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्वारीची काढणी उरकली की पीकविम्याच्या बातम्या सुरू होतात. अमुक महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, सरासरी उत्पादन ठरवून दिलेल्या उंबरठ्याच्या वर आले म्हणून भरपाई नाही, शेजारच्या मंडळात खाली गेले म्हणून आहे. बांधाला बांध लागलेली दोन शिवारे, आणि दोघांचे नशीब वेगळे. बातमीत सरासरीचा एकच आकडा असतो. तो किती प्लॉटवरून, म्हणजे पीक कापून वजन केलेल्या रानाच्या किती तुकड्यांवरून, काढला आणि त्या प्लॉटमध्ये आपापसात फरक किती होता, हे कधीच नसते. मी सोलापुरात तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आणि माझे सासर मंगळवेढ्याकडचे जिरायत शेतकऱ्याचे. त्यामुळे हा आकडा मला दोन्ही बाजूंनी टोचतो.

काही वर्षांपूर्वी दिरांच्या रानात पीक कापणी प्रयोग झाला, तेव्हा मी बांधावर होते. गाव, गट नंबर आणि रानातली नेमकी जागा, सगळे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी उचलल्यासारख्या, अंकांवरून ठरते. नैऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, लांबीकडे इतकी पावले, रुंदीकडे इतकी पावले, आणि जिथे पाय थांबेल तिथे खुंटी. तिथून १० मीटर बाय ५ मीटरचा प्लॉट आखायचा. कर्ण ११.१८ मीटर भरला तरच कोपरे काटकोनात आहेत असे समजायचे. नाही भरला तर सुतळी सोडून पुन्हा ताणायची. त्या दिवशी ती दोनदा ताणली. खुंटी पडली ती ओढ्याकडच्या काळ्याभोर पट्टीत. दीर माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, नेमकी चांगली पट्टी घावली. वरचा मुरूम कुणी बघायचा?"

खुंटी हलवायची नसते, आणि आलेल्या कर्मचाऱ्याने ती हलवली नाही, हे त्याने योग्यच केले. शेतकऱ्याच्या, विमा कंपनीच्या किंवा साहेबाच्या सांगण्यावरून ती एक पाऊल जरी सरकली, तरी त्या पद्धतीचा सगळा जीव जातो. पण दिरांचा प्रश्नही खोटा नव्हता. एका प्लॉटला वरचा मुरूम दिसत नाही. म्हणून तर अनेक प्लॉट घ्यायचे, आणि ते एकमेकांपासून किती लांब पडले हे सांगायचे.

पंतप्रधान पीकविमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे महसूल मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग व्हायला हवेत. समजा उंबरठा उत्पादन हेक्टरी ६ क्विंटल आहे, विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ३०,००० रुपये आहे आणि दहा प्लॉटची सरासरी ५.८ क्विंटल आली. तूट ०.२ क्विंटल, म्हणजे भरपाई १,००० रुपये. आता ओढ्याकडची पट्टी आणि मुरमाड माळ मिळून या प्लॉटमधले प्रमाण विचलन, म्हणजे विखुरलेपणाचे माप, २ क्विंटल असेल, तर सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे तिच्यातल्या चुकीचा अंदाज, २ भागिले १० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.६३ क्विंटल. दहाच निरीक्षणे असल्याने ९५ टक्के खात्रीसाठी दोन्ही बाजूंना सुमारे १.४ क्विंटल सोडावे लागतात. म्हणजे मंडळाचे खरे उत्पादन ४.४ क्विंटल असू शकते आणि ७.२ सुद्धा. ४.४ असेल तर भरपाई ८,००० रुपये, ७.२ असेल तर शून्य. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण जिरायत रानात असा विखुरलेपणा अजिबात दुर्मीळ नाही. आणि जाहीर काय होते? ५.८. जणू ते वजनकाट्यावर मोजून आले आहे.

उंबरठा उत्पादनही असेच येते. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर, म्हणजे त्यातला विम्याने धरलेला टक्का. त्या प्रत्येक वर्षाचा आकडा पुन्हा अशाच मोजक्या प्लॉटवरचा. एका अंदाजातून दुसरा अंदाज वजा करून जे उरते, त्यावर घराचे वर्ष ठरते.

वजनाचेही पाहा. प्लॉट ५० चौरस मीटरचा, हेक्टर १०,००० चौरस मीटरचा, म्हणून प्लॉटच्या वजनाला २०० ने गुणायचे. पाव किलो इकडे-तिकडे झाले की हेक्टरी अर्धा क्विंटल हलतो. सुतळीच्या रेषेवर उभी असलेली ताटे आत धरायची की बाहेर? त्या दिवशी दिरांच्या रानात हाच वाद सर्वांत जास्त वेळ चालला. पाच-सात भरदार कणसे आत गेली की पाव किलो झालाच.

या सीमेवरच्या ताटांवर आपल्या देशात फार मोठी चर्चा झालेली आहे, आणि तिच्यात एक बाजू आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या माणसाची होती, याचा मला अभिमान वाटतो. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. दुसऱ्या बाजूला, बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान आकाराचे प्लॉट वापरत होते. लहान प्लॉट झटपट होतात, जास्त घेता येतात. १९४० च्या दशकात सुखात्मे यांनी दाखवून दिले की प्लॉट लहान असेल तर कडेची रोपे आत धरली जाण्याकडे कल राहतो आणि उत्पादन फुगून दिसते. हिशेब साधा आहे. चारही बाजूंनी १० सेंटिमीटर जास्तीचे आत आले, तर १० बाय ५ च्या प्लॉटचे क्षेत्र ६ टक्क्यांनी वाढते. तेच एक मीटर बाय एक मीटरच्या प्लॉटचे ४४ टक्क्यांनी.

ही चूक वेगळ्या जातीची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. प्लॉटमधला विखुरलेपणा नमुना वाढवला की आटोक्यात येतो. चौपट प्लॉट घेतले की त्रुटी निम्मी होते. पण मोजमापच एका बाजूला झुकलेले असेल, तर हजार प्लॉट घेऊनही झुकाव जात नाही. उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढतो. शहरातले उदाहरण देते. आमच्या पूर्व भागात विद्यार्थ्यांबरोबर घरोघरी पाहणीला गेले होते. दारात बसलेल्या माणसाला विद्यार्थ्याने विचारले, "घरातल्या बाई काय काम करतात?" उत्तर आले, "काय नाही, घरीच असते." त्याच्या मागे, उंबऱ्याच्या आत, ती बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तो उत्तर देत असतानाही तिची बोटे थांबली नव्हती. आम्ही दोनशे घरांऐवजी दोन हजार घरे केली असती, तरी त्या बाईची नोंद काम न करणारी म्हणूनच झाली असती. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही प्रश्नावली बदलली. "काल दिवसभरात काय काय केलं?" असे विचारायला लागलो, आणि तेही त्या बाईलाच.

मंडळात चाळीस-चाळीस प्रयोग करा असे मी म्हणणार नाही. काढणीच्या पंधरा-वीस दिवसांत एवढी माणसे आणायची कुठून, हे मला कळते. उपग्रह प्रतिमांची जोड देता येते. शिवारभर मिळणारी हिरवेपणाची माहिती आणि मोजक्या प्लॉटचे वजन यांचा मेळ घालून सरासरी सुधारणे ही नमुना पाहणीतली जुनी, खात्रीची रीत आहे. भात आणि गव्हाला २०२३ च्या खरिपापासून तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान ३० टक्के भार दिला आहे. रब्बी ज्वारीला, जिच्यावर मंगळवेढ्याचे नाव उभे आहे, तिलाही हे मिळावे. मात्र त्या प्रतिमांच्या अंदाजालाही स्वतःची चूक असते आणि तीही सांगितली पाहिजे.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. प्रशासनाने प्रत्येक मंडळाचे सर्व प्रयोग, शेतकऱ्याचे नाव वगळून, शिवार आणि वजनासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. दहा ओळींचा कागद आहे तो. आणि आपण, संपादक महोदय, यापुढे मंडळाची सरासरी छापाल तेव्हा वार्ताहराला आणखी दोन गोष्टी विचारायला सांगा: प्रयोग किती झाले, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त वजन किती होते. एवढ्यावरून वाचक स्वतः ताडू शकेल की वर-खाली ठरवण्याइतका तो आकडा पक्का आहे की नाही.

दिरांनी त्या दिवशीचे आपल्या प्लॉटचे वजन पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे. त्याखाली त्यांनी एक ते नऊ आकडे घालून ओळी मोकळ्या सोडल्या, मंडळातल्या बाकीच्या प्लॉटसाठी. त्या ओळी अजून मोकळ्याच आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका,
जुळे सोलापूर