खुले पत्र : ते दहा दिवसही दाखवा

मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री यांस,
स. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन दिल्लीच्या तीस जानेवारी मार्गावर गेले होते. गांधी स्मृती, म्हणजे पूर्वीचं बिर्ला हाऊस. गांधीजींचे शेवटचे १४४ दिवस इथेच गेले. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं बसवलेली आहेत. भाचा एकेका पावलाशेजारी बूट ठेवत, मोजत चालला होता. पावलं संपली तिथे थबकला आणि म्हणाला, "मावशी, पोलीस नव्हते का गं?"

होते की! अडचण तीच आहे.

२० जानेवारी १९४८ ला याच आवारात कटातल्या मदनलाल पाहवाने स्फोट केला आणि तो तिथल्या तिथे पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी मुंबईत रुइया कॉलेजचे प्रा. जगदीशचंद्र जैन हे मुंबई प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले आणि गांधीजींना मारण्याच्या कटाबद्दल मदनलाल आपल्याशी काय बोलला होता ते जैनांनी सांगितलं. मदनलालच्या जबानीत एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता; तो म्हणजे पुण्याचा नथुराम गोडसे. पुण्यात अशी वृत्तपत्रं कोण चालवतं, हे शोधायला कितीसा वेळ लागणार? पण दहा दिवस गेले. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींनी नकार दिला, हेही खरं. मात्र पुण्यामुंबईत शोध घ्यायला त्यांची परवानगी लागत नव्हती.

पुढचं तर आमच्या पुण्यातलं. १९६४ मध्ये नथुरामचे भाऊ, कटात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे सुटून आल्यावर पूजा घातली गेली आणि तिथे लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर बोलून गेले की, कट आपल्याला आधी ठाऊक होता. त्यावरून गदारोळ झाला, १९६६ मध्ये कटाच्या चौकशीसाठी कपूर आयोग नेमला गेला. आयोगाने हे दहा दिवस तासातासाने उलगडलेत. पण तो अहवाल दोन जाडजूड इंग्रजी खंडांत आहे. सहावीतल्या पोराने तो कधी वाचायचा?

माझी मागणी एवढीच : २० ते ३० जानेवारीचं एक दालन करा. जबान्या, तारा, गाड्यांच्या वेळा, सगळं मांडा. आणि मजकूर मराठीतही द्या. कटवाले बहुतेक आमच्याच भाषेत बोलणारे होते; वाचताना आम्हाला अवघड होईल, होऊ दे.

जागाही सुचवते. पावलं सुरू होतात तिथे करा. संपतात तिथे नको. तिथे माणसं हात जोडून उभी असतात.

आपली,
पुण्याची एक मावशी