प्रिय मन्या, तुझी पटकथा वाचली

गंगापूर रोड, नाशिक
सोमवार, रात्री उशिरा

प्रिय मन्या,

तुझ्या चावट कॉलेज-कॉमेडीच्या पटकथेचं बाड शनिवारी कुरियरने मिळालं. पीडीएफ टाकायची सोडून कागद पाठवलेस म्हणजे तुला माझं लाल पेन हवंय, असं धरून चालतो. नाहीतर "मस्त झालंय भो" एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून मोकळा झालो असतो.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे तू मला सोवळ्यातला समजणार नाहीस. मला चावट विनोदाचं वावडं नाही. आपण कोणकोणत्या कट्ट्यांवर कसल्या कसल्या विनोदांना लोळलोय ते तुला ठाऊक आहे. माझी तक्रार एवढीच आहे की तुझ्या पटकथेत कुणालाच लाज वाटत नाही. पहिल्या पानापासून चारही पोरं अशी बोलतात, जणू या विषयात पीएचडी करून बसलीत. अरे, एस. वाय.चा पोरगा बिनधास्त बोलतो ते फक्त पोरांत. समोरून एखादी मुलगी आली की स्वतःच्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नाही. खिशात घालू, मागे बांधू, की केस सारखे करू? सगळी गंमत त्या हातांत आहे आणि तू ती लिहिलीच नाहीस.

आता तुझ्या निर्मात्याचं गणित. धरणाकडचा एक रिसॉर्ट, चार पोरं, तीन पोरी, जाडा वॉचमन, बहिरे आजोबा, पावसातलं गाणं आणि सगळं एकाच जागी, म्हणजे युनिट हलवायचा खर्च नाही. पैसे कमी आहेत हे तो लपवत नाही, हे मला आवडलं. अशा सिनेमांच्या मागे सगळीकडे हेच स्वप्न असतं. 'पोर्कीज' नावाचा कॅनडाचा सिनेमा 1981 साली आला. चाळीस-पन्नास लाख डॉलरात केला आणि एकट्या उत्तर अमेरिकेत 10 कोटींच्या वर धंदा करून गेला. पुढे 1999 मध्ये 'अमेरिकन पाय' आला. 1.1 कोटी डॉलर खर्च, जगभरची कमाई 23 कोटींच्या वर. हे आकडे ऐकल्यावर कुठल्याही निर्मात्याला वाटणारच की पोरं, पोरी आणि थोडा वाह्यातपणा एवढ्यावर भागतं.

पण 'अमेरिकन पाय'मध्ये लोकांच्या लक्षात राहिलं ते काय? बाप मुलाच्या खोलीत येतो, हातात मासिकं, आणि त्याला 'समजावून' सांगायला बसतो. बाप मनापासून मदत करतोय आणि पोराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालंय. यूजीन लेव्हीने तो बाप असा केलाय की आपल्यालाच मान खाली घालावीशी वाटते. मग 2005 ते 2009 या काळात त्याच नावाखाली थेट डीव्हीडीवर चार सिनेमे काढले. लेव्ही चारही सिनेमांत आहे. बाप तोच, पण समोरच्या पोरांना आता कशाचंच काही वाटत नाही, त्यामुळे बापाची अडचण कुणाला लागतच नाही. आणि मूळ सिनेमाही काही धुतल्या तांदळासारखा नाही. मुलीच्या नकळत कॅमेरा लावून ती सगळ्यांना दाखवायची, हा त्यातला प्रसंग आज बघताना घशाशी येतो. तुझ्या पान 22 वर तेच आहे, फक्त वेबकॅमच्या जागी ड्रोन. तो आधी काढ.

कमी पैसा विनोदाला नेमका कुठे कापतो, यावर मी बराच विचार केला. विनोद बोलणाऱ्याच्या तोंडात निम्माच असतो, उरलेला ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. एकाने वाक्य टाकलं, मग दुसऱ्याचा चेहरा, मग त्याच्या मागे चहाचा ट्रे घेऊन केव्हाच्या उभ्या असलेल्या काकूंचा चेहरा. एवढं घ्यायचं तर तीनदा लाइट बदला, तीनदा टेक घ्या, काकूंचा चेहरा बरोबर पडेपर्यंत थांबा. संध्याकाळच्या आत ढीगभर पानं उरकायची असली की दिग्दर्शक सगळे एकत्र दिसतील असा एक मास्टर शॉट घेतो, बोलणाऱ्याचा क्लोज-अप घेतो आणि पुढे सरकतो. एडिटला बसल्यावर कळतं की काकू नाहीतच. मग ती जागा भरायला 'टुंग' असा आवाज टाकतात. स्प्रिंग, भोंगा, घोड्याचं खिंकाळणं. प्रेक्षकाला कोपराने ढोसून सांगायचं, हास रे, विनोद झाला.

मध्यंतरी असला एक सिनेमा इथल्या मल्टिप्लेक्सला दुपारच्या खेळाला पाहिला. नाव सांगत नाही, तुझ्या निर्मात्याच्या ओळखीतलं निघायचं. पुढच्या रांगेत कॉलेजची सात-आठ पोरं होती. पहिली वीस मिनिटं 'टुंग' वाजला की हसत होती, हसायचं तिकीट काढलंय म्हणून. मग एकेकाचा मोबाइल उजळायला लागला. त्यातल्या एकाला फोन आला, त्याने वाकून, हाताचा आडोसा करून घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "लायब्ररीत आहे गं आई." नेमकं त्याच क्षणी पडद्यावर घोडा खिंकाळला. संपूर्ण थिएटर असं फुटलं की सांगता सोय नाही. दोन तासांत तेवढा एकच खरा विनोद झाला आणि तो करणाऱ्याला मानधन मिळालं नव्हतं.

तू म्हणशील, मग लिहू काय? अरे, कॉलेज रोडचं ते सायबर कॅफे आठव. प्लायवूडच्या केबिनी, मळकट पडदा, तासाचे पैसे आगाऊ. तू, मी आणि पक्या एका स्टुलावर अर्धं-अर्धं ढुंगण टेकून बसलो होतो. एक खिडकी बंद केली की तीन नव्या उघडायच्या. पक्याने घाबरून मॉनिटरच बंद केला आणि आपण शहाण्यासारखे बाहेर आलो, तर दारात फिजिक्सचे सर उभे. "झालं का तुमचं? मला जरा मेल बघायचाय." सर आपल्याच केबिनमध्ये, आपल्याच गरम स्टुलावर बसले. मॉनिटर लावला. हॉटमेलसाठी एच दाबला आणि खाली काय काय उलगडत गेलं ते पडद्याच्या फटीतून आपण तिघांनी पाहिलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि उरलेली अक्षरं एकेक करून सावकाश टाइप केली. पुढे कधीच एका शब्दाने बोलले नाहीत. वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकलला तिघांनाही चांगले मार्क दिले आणि आपल्याला त्या मार्कांचीसुद्धा भीती वाटत होती.

यात कुठे काही दिसतं का? काहीच नाही. एक केबिन, एक चष्मा, एक पडदा. खर्च शून्य. तुझ्या रिसॉर्टच्या एका दिवसाच्या भाड्यात असे चार प्रसंग निघतील.

दुसरी मोठी तक्रार मुलींची. तिन्ही पोरी मिळून तुझ्या बाडात जेवढं बोलतात, त्याहून वॉचमन जास्त बोलतो. तिघींची नावं अदलाबदल केली तर तुलाही कळणार नाही. परंपरा सांगतोस ना नेहमी, तर आपली परंपरा बघ. तमाशातल्या गौळणीत कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, वाटेल ते बोलतात, पण समोर मावशी असते. ती त्यांची अशी काही पिसं काढते की टाळ्या तिलाच पडतात. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' 1971 चा. ढगळ चड्डी, लोंबणारी नाडी आणि चेहरा असा की याला दुसरा अर्थ ठाऊकच नाही. वाईट अर्थ काढायचा तो प्रेक्षकाने, आणि काढला की स्वतःलाच चोरट्यासारखं वाटायचं. समोर उषा चव्हाण, त्या काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणून तो सामना व्हायचा. तुझ्या पटकथेत एकच बाजू बॅटिंग करते आणि दुसरी बाजू नुसती ओली होऊन उभी असते. शिवाय दुसरा अर्थ प्रेक्षकावर सोडायचा धीर तुला नाही. पोरगा वाक्य बोलतो आणि लगेच डोळा मारतो. डोळा मारला की संपलं.

भिजण्यावरून आठवलं. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये कारंज्यात भिजणाऱ्या तारामती आणि तिच्या सख्या, सगळे पुरुष. बायका काम करायला तयार नव्हत्या, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले होते आणि त्या बाई युनिटचा स्वयंपाकही करत होत्या. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे तुझ्या निर्मात्याला एकदा नेऊन आणतो. "कमी बजेट आहे हो" असं तिथे उभं राहून म्हणून दाखव म्हणावं.

आणि तेवढं जुनं नको असेल तर आपल्याच जिल्ह्यातलं मालेगाव घे. 'मालेगाव के शोले' 2000 साली नासिर शेखने तिथल्याच लोकांना घेऊन केला. त्यांच्यावर 2008 मध्ये माहितीपट निघाला. त्यात दिसतं, सायकलवर कॅमेरा ठेवला की झाली ट्रॉली, बैलगाडीचं जू वर केलं की झाली क्रेन. तांत्रिक बाबतीत ते सिनेमे तुझ्या निर्मात्याच्या सिनेमाहून कितीतरी गरीब आहेत. पण त्यातली माणसं जीव तोडून काम करतात, म्हणून हसताना आपण त्यांच्या बाजूला असतो. तुझ्या पोरांच्या बाजूला मी एकाही पानावर नव्हतो.

सेन्सॉर सर्टिफिकेटचा घोळ तर वेगळाच. कॉलेजच्या पोरांसाठी सिनेमा काढायचा, 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं सर्टिफिकेट मिळालं की अकरावी-बारावीची गर्दी दारातच अडते. 'ए' सिनेमा टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, म्हणजे ते हक्कही अडकतात. मग लहानांनाही पालकांच्या सल्ल्याने बघता येईल अशा 'यूए'साठी कात्री लागते, शब्द म्यूट होतात, ओठ हलत राहतात. ट्रेलर बघून आलेल्याला वाटतं फसवलं, आणि बाकीचे ट्रेलर बघूनच येत नाहीत. सिनेमाच्या कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीत 'यूए'चे 7, 13 आणि 16 वर्षांपुढचे असे तीन भाग झालेत. सोळा वर्षांपुढच्यांना चालेल असं आधीच डोक्यात धरून लिहिलंस, तर नंतरची काटछाट वाचेल. चावटपणा सूचक ठेवलास तर कात्रीला धरायला जागाच उरत नाही.

'बालक-पालक' 2013 चा, विषय याहून अवघड. शेजारच्या ताईबद्दल मोठी माणसं कुजबुजतात, विचारलं की गप्प करतात, म्हणून मुलं आपणच उत्तर शोधायला निघतात. घराघरांत आई-बापांनी पोरांना घेऊन पाहिला तो. मुलांना काहीतरी जाणून घ्यायचं आहे, एवढ्यावर सिनेमा चालतो. तुझ्या पोरांना नेमकं काय जाणून घ्यायचंय, मन्या? मला तरी सापडलं नाही.

आता कामाचं. वॉचमन ठेव, पण त्याला जाडा म्हणून विनोद नकोत. आजोबा बहिरे नकोत, त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येऊ दे आणि आपल्याला ऐकू येतं हे पोरांना शेवटपर्यंत कळू देऊ नकोस. पान 17 वरचा प्रसंग, ज्यात ऋचा गाडीची चावी मागते आणि तुझा हिरो चुकून घराची देतो, तो सगळ्या बाडातला एकमेव जिवंत तुकडा आहे. तिथे तू तीन ओळींत पळ काढलास. दोन पानं कर त्याची. ती चावी घेऊन ती काय करते ते लिही, बाकी सिनेमा तिथूनच निघेल असं मला वाटतं. गाणं निर्मात्याला हवंच असेल तर राहू दे, पण पाऊस पोरांवर पाड.

आणि हो, दुसरा हप्ता हातात पडल्याशिवाय नवा ड्राफ्ट निर्मात्याला देऊ नकोस, मला आधी पाठव. या वेळी पानांना नंबर नीट घाल. 41 नंतर एकदम 38 आलं, आणि मी अर्धा तास समजत होतो की तू फ्लॅशबॅक टाकलायस.

तुझा,
नित्या