चाकांचे माप काढून देणाऱ्या काकाजींना आभारपत्र

आदरणीय काकाजी,

सविनय नमस्कार.

माझ्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयसाठी रिम आणि टायर यांचे नेमके माप ठरवून देताना आपण जो वेळ खर्च केलात आणि जी मेहनत घेतलीत, तिच्याबद्दल आपले मनापासून आभार मानतो. हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, आर्वी, पुलगाव, तळेगाव या पट्ट्यात इंजिन ट्यून करून घेणारी आणि स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवणारी तरुण मंडळी आता बरीच झाली आहेत; चाकांची निवड मात्र त्यांपैकी बहुतेक जण फोटो पाहूनच करतात. आपण मला समजावून दिलेले गणित त्यांच्याही कामी यावे, अशी इच्छा आहे.

गाडी आपल्याकडे आणली तेव्हा तिचे इंजिन ट्यून झालेले होते, स्प्रिंग बदलल्यामुळे ती मूळ उंचीपेक्षा ३० मिलिमीटर खाली आली होती आणि पुढच्या चाकांना ब्रेकच्या ३१२ मिलिमीटरच्या मोठ्या डिस्क बसवलेल्या होत्या. एवढी डिस्क तिच्या कॅलिपरसह, म्हणजे डिस्कला दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यासह, १५ इंची रिमच्या पोटात मावत नाही, त्यामुळे मूळ चाके, म्हणजे ६ जे (६ इंच) रुंदीची, ४० ऑफसेटची (ऑफसेटचा अर्थ पुढे आला आहे) रिम आणि १८५/६० आर १५ टायर, बाजूला ठेवणे भागच होते. शहरातील एका दुकानाने १७ इंची, साडेसात जे रुंदीची, २५ ऑफसेटची रिम आणि तिच्यावर २१५/४० टायर असा जोड सुचवला होता. मित्रांचे म्हणणे असे की, कंपनीनेच नंतरच्या जीटीला १९५/५५ आर १६ टायर दिले आहेत, तेव्हा डोळे मिटून तेच घ्यावेत. दोन्ही बाजूंनी बोलणारे ठाम होते आणि दोघांपैकी एकानेही माझ्या गाडीला टेप लावलेला नव्हता.

आपण कॅटलॉग उघडला नाही. आपल्या दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर खडूने मूळ टायरचा व्यास मांडलात: १८५ चे ६० टक्के म्हणजे १११ मिलिमीटर साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची), ती वर आणि खाली धरून दुप्पट, त्यात १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर, एकूण ६०३. त्याच रीतीने १९५/५५ आर १६ चा व्यास ६२१ निघाला आणि आपण सुचवलेल्या २०५/५० आर १६ चा ६११. कंपनीचे माप मूळ उंचीच्या गाडीसाठी आहे, हे आपण तेथेच दाखवून दिलेत. व्यास १८ मिलिमीटरने वाढला की टायरचा माथा चाकाच्या मध्यापासून ९ मिलिमीटर वर सरकतो आणि माझ्या गाडीत वरची जागा स्प्रिंगने आधीच खाल्लेली होती. २०५/५० मध्ये हीच वाढ जेमतेम ४ मिलिमीटर होते. व्यासातला फरक सुमारे १.४ टक्के येतो. मीटरचा काटा मुळातच थोडा जास्त वेग दाखवत असल्याने तो त्यातच जिरतो.

ऑफसेटचे गणित मात्र मला तोपर्यंत कोणीही नीट सांगितलेले नव्हते. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याला) टेकणारा पृष्ठभाग यांतील मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट, एवढे ऐकून माहीत होते; पण रुंदी आणि ऑफसेट एकत्र धरल्याशिवाय चाक कोठे जाईल ते कळत नाही, हे आपण आकड्यांनी पटवले. दुकानाने सुचवलेली साडेसात जे, ऑफसेट २५ ची रिम मूळ रिमपेक्षा बाहेरच्या बाजूला ३४ मिलिमीटर जाते, म्हणजे खाली बसवलेल्या गाडीत मागचा टायर पहिल्याच मोठ्या गचक्याला आर्चच्या, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या, पत्र्याला लागणार. आपण सुचवलेली १६ इंची, ७ जे, ऑफसेट ३८ ची रिम बाहेर १५ मिलिमीटरच्या आत राहते आणि आतल्या बाजूला ११ मिलिमीटरच्या आसपास सरकते. तेवढी जागा शॉकअपजवळ आहे का, हे आपण जॅकवर चढवलेल्या गाडीखाली आडवे होऊन स्वतः मोजलेत. पत्र्याबाहेर आलेली चाके कोणाला शोभिवंत वाटत असतील तर वाटोत. पावसाळ्यात ती चिखल थेट दारांवर आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर उडवतात, हे आपले मत मला पूर्ण मान्य आहे.

१७ इंची चाकाविरुद्धचा आपला दुसरा मुद्दा रस्त्यांचा होता. २१५/४० टायरची साइडवॉल ८६ मिलिमीटर, २०५/५० ची १०२ पेक्षा थोडी अधिक आणि मूळ टायरची १११. आमच्या गावाकडील सिमेंट रस्त्याची कड साइडपट्टीपासून विताएवढी उंच आहे. समोरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर आला की एका बाजूची चाके खाली उतरवावी लागतात आणि पुन्हा वर चढवावी लागतात. अशा कडेवर पातळ साइडवॉल रिम आणि सिमेंट यांच्यामध्ये चिरडते, आतील धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. भाराचा मुद्दाही आपण काढलात. मूळ टायरचा भार निर्देशांक ८४, म्हणजे प्रत्येकी ५०० किलो. २१५/४० आर १७ साध्या बांधणीत ८३ चा, म्हणजे ४८७ किलोचा येतो, आणि घ्यायचाच झाला तर जादा भाराचा एक्सएल घ्यावा लागतो. २०५/५० आर १६ चा निर्देशांक ८७ आहे, ५४५ किलोचा.

यापुढचे काम आपण केले नसते तरी मी तक्रार केली नसती, म्हणून त्याचे मोल मला अधिक वाटते. ओळखीच्या एका ग्राहकाकडून आपण त्याच मापाची चाके मागून आणलीत. कॅलिपरच्या आकाराचा नमुना कपाशीच्या बियाण्याच्या खोक्यातून कापून, तो रिमच्या आत फिरवून काड्यांना कोठे घासतो का ते पाहिलेत. मग बांधावरची ओली काळी माती मळून तिचे लिंबाएवढे गोळे केलेत आणि ते पुढच्या लायनरवर (कमानीच्या आतील अस्तरावर) व मागच्या आर्चच्या आतल्या कडेवर चिकटवलेत. मागच्या सीटवर तीन धिप्पाड माणसे, डिकीत सोयाबीनचे पोते, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवणे आणि ग्रामपंचायतीसमोरच्या गतिरोधकावरून तिरपे जाणे, असा सगळा कार्यक्रम पार पडल्यावर आपण एकेक गोळा अलगद सोडवून व्हर्नियरने मोजलात. सर्वांत चपटा झालेला गोळा डाव्या बाजूच्या लायनरवरचा होता आणि त्याची जाडी ७ मिलिमीटर भरली. त्यानंतरच आपण रिम मागवण्यास होकार दिलात.

बोल्टच्या बाबतीत आपण जे सांगितलेत, ते अनेकांना ठाऊक नसावे. या गाडीला नट नसून १४ मिलिमीटर जाडीचे, १.५ मिलिमीटर आट्याचे बोल्ट येतात आणि मूळ बोल्टची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, चेंडूसारखी गोल असते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मॅग (अलॉय) व्हीलची बैठक ६० अंशांच्या शंकूची असते. गोल बोल्ट शंकूच्या बैठकीत आवळला की तो घट्ट झाल्यासारखा भासतो, प्रत्यक्षात तो एका बारीक कड्यावर टेकलेला असतो आणि चालताना सैल होत जातो. आपण शंकूचे बोल्ट मागवायला लावलेत, एकेक हाताने फिरवून किमान ७ फेरे आत जातात याची खात्री केलीत आणि शेवटी टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटरला आवळलेत. वायुगनने ठोकून चाक बसवण्याची जी घाईची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे, तिच्याविषयी आपण वापरलेले शब्द या पत्रात लिहिता येणार नाहीत.

नव्या रिमचे मधले भोक ७३.१ मिलिमीटरचे आणि गाडीच्या हबचा व्यास ५७.१, हा फरक भरण्यासाठी आपण प्लास्टिकऐवजी अॅल्युमिनियमची हब रिंग घ्यायला सांगितलीत, कारण मोठ्या ब्रेकची धग आणि आपल्याकडचा मे महिना एकत्र आले की प्लास्टिकची रिंग मऊ पडते. विरूळहून समृद्धीवर चढून १२० च्या मर्यादेपर्यंत गाडी नेली, तरी स्टिअरिंगला कंप नाही. पाऊस झाल्यानंतर एकदा तो जाणवला. आपण सांगितल्याप्रमाणे रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला काळ्या मातीचा थर पाण्याच्या मोठ्या धारेने काढला आणि कंप गेला. त्याआधी बॅलन्सिंगची वजने बदलून घेण्यात काहीच अर्थ नव्हता.

स्टेपनीचा विचार तर माझ्या मनातही आला नव्हता. डिकीतली जुनी १५ इंची स्टेपनी पुढच्या मोठ्या डिस्कवर चढणारच नाही. तेव्हा पुढचे चाक पंक्चर झाले तर मागचे चाक काढून पुढे लावायचे आणि स्टेपनी मागे. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, त्यामुळे मागे थोड्या लहान व्यासाचे चाक काही अंतर बेताने चालवले तर गिअरबॉक्सवर ताण येत नाही. स्टेपनीला मात्र गोल बैठकीचेच बोल्ट लागतात, म्हणून आपण पाच जुने बोल्ट कापडी पिशवीत बांधून जॅकशेजारी ठेवून दिलेत. रात्री तळेगावच्या पुढे एकटा असताना पंक्चर झाले, तर त्या पिशवीशिवाय काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

हवेचा दाब सकाळी, टायर गार असतानाच तपासतो. तापमानात पाच-सहा अंशांचा फरक पडला की साधारण १ पीएसआय बदलतो, हे आपले सूत्र लक्षात ठेवले आहे, आणि भर दुपारी पंपावर दाब वाढलेला दिसला म्हणून हवा कमी करत नाही. नव्या रिमची नोंद विमा पॉलिसीतही करून घेतली आहे.

आपण केवळ अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग यांचेच पैसे घेतलेत; मापे काढण्याचे, माती मळण्याचे आणि उसनी चाके आणण्या-पोहोचवण्याचे पैसे घेण्यास साफ नकार दिलात. महागडी १७ इंची चाके आपल्याही दुकानात मिळत होती, हे मी पाहिले होते. शटरवरचे आकडे मी वहीत उतरवून घेतले आहेत आणि धाकट्या भावाच्या स्विफ्टसाठी तीच आकडेमोड आम्ही दोघे करून पाहत आहोत. तिचे पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि हब वेगळे आहेत आणि ऑफसेटपाशी आमचे अडले आहे. बोल्ट पुन्हा आवळून घेण्यासाठी येत्या बाजाराच्या दिवशी येईन, तेव्हा ती वही सोबत आणतो. आपण एकदा नजर टाकावी, ही विनंती.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपला ऋणी,
आर्वी तालुक्यातील आपला एक ग्राहक