मोनार्कला थंडीही लागते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मोनार्क फुलपाखरांविषयी वाचलं. थंडी चुकवायला ती कॅनडातून मेक्सिकोला जातात, असं त्यात म्हटलंय. खरं आहे, पण अर्धंच.

मी एकवीस वर्षं ओंटारिओत लेमिंग्टनला राहते. जवळच पॉइंट पीलीचं टोक आहे. गौरी-गणपतीच्या सुमारास ही फुलपाखरं ईरी सरोवर ओलांडण्याआधी तिथं जमतात. वारा आणि ऊन मनासारखं होईपर्यंत झाडांना लटकून राहतात.

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी पारा ९ अंशांवर होता. अंगणातल्या अ‍ॅस्टरवर एक मोनार्क निपचित बसलं होतं. शेजारीण म्हणाली, मेलं. पण साधारण १३ अंशांखाली त्याला उडताच येत नाही, म्हणून मी हात लावला नाही. ऊन आल्यावर ते पंख थरथरवू लागलं. थरथरूनच ते अंग तापवतं. साडेदहाला उडून गेलं.

मग ऊबदार, लांबलेला सप्टेंबर बरा, असं इथं सगळ्यांना वाटतं. मला त्याचीच धास्ती वाटते. दिवस लहान होतात, रात्री गारठतात, तेव्हाच वर्षातल्या शेवटच्या, मेक्सिकोला जाणाऱ्या पिढीचं अंडी घालणं थांबतं आणि तिचं आयुष्य आठ-नऊ महिन्यांचं होतं. उन्हाळ्यातली मोनार्क जेमतेम दोन ते सहा आठवडे जगतात.

पुढे मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरात, ३,००० मीटरवरच्या ओयामेल झाडांवर, हीच थंडी त्यांना परत फिरवते. मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी शरदात पकडलेली मोनार्क २४ दिवस गारव्यात ठेवली, तर ती उत्तरेकडे उडू लागली. गारव्याविना ठेवलेली मार्चमध्येही दक्षिणेकडेच निघाली! हे संशोधन २०१३ चं. अति थंडी मारतेच; जानेवारी २००२ च्या वादळात तिथं कोट्यवधी मेली. पण थंडीच नसेल, तर परतीची दिशा त्यांना कळायची कशी?

माझं माहेर वाईचं. मारुतीसाठी रुईची पानं तोडताना पट्टेरी अळी दिसायची. ती प्लेन टायगरची, म्हणजे मोनार्कच्या भावकीतली. मोनार्कची अळी ज्यावर वाढते ते इथलं मिल्कवीडही रुईच्याच कुळातलं, तसाच पांढरा चीक. ओंटारिओतल्या मराठी वाचकांना विनंती, ते तण समजून उपटू नका. आणि गार सकाळी निपचित मोनार्क दिसलं, तर दुपारपर्यंत तिथंच राहू द्या.

आपली,
लेमिंग्टनची एक वाचक