खाणीतून काढलेला मिथेन पुढे जातो कुठे?

महोदय,

भूमिगत कोळसा खाणीतल्या मिथेनवर आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. वायू काढला नाही तर स्फोट होईल, म्हणून तो काढायचाच, मग यात पर्यावरणाचा प्रश्न येतोच कुठे, असा लेखकाचा सूर आहे. माझी सगळी नोकरी खाणीच्या वायुवीजन विभागात गेली, त्यामुळे वायू काढायलाच हवा याबद्दल माझे दुमत असण्याचे कारण नाही. पुढच्या प्रश्नावर मात्र लिहिल्यावाचून राहवेना.

हवेत मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की एक ठिणगी पुरते. आमच्या वेळी तो सेफ्टी लॅम्पवर तपासायचा. वात बारीक करायची, दिवा सावकाश छताकडे न्यायचा (मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर जाऊन छताला बिलगतो) आणि ज्योतीच्या माथ्यावर फिकट निळी टोपी धरते का ते बघायचे. सव्वा टक्क्याला ती जेमतेम जाणवते. अडीच-तीन टक्क्यांना ती चांगली उंच त्रिकोणी होते, आणि मग कोणी उत्पादनाचे उद्दिष्ट सांगत बसत नाही, सगळे मुकाट बाहेर पडतात. ही टोपी ज्याने डोळ्यांनी पाहिली आहे तो मिथेन ड्रेनेजच्या, म्हणजे वायू ओढून काढण्याच्या, विरोधात कधी बोलणार नाही.

भरपूर हवा खेळवून वायू पातळ करणे हा पहिला उपाय. पण लाँगवॉल (कोळशाची लांबलचक भिंत सलग कापत जाण्याची पद्धत) पुढे सरकते तसे मागचे छत कोसळते, वरच्या-खालच्या थरांना भेगा पडतात आणि त्यांतला वायू मागे उरलेल्या त्या ढासळलेल्या पोकळीत, म्हणजे गोफात, सुटतो. तो सगळा हवेने धुऊन काढणे पंख्याला झेपत नाही. म्हणून जमिनीवरून किंवा खाणीच्या आतून बोअर मारायचे आणि पंप लावून वायू ओढून घ्यायचा. ड्रेनेज म्हणजे एवढेच.

आता लेखात राहून गेलेला मुद्दा. खाणीतून मिथेन दोन वाटांनी बाहेर पडतो आणि या दोन वाटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पंख्यातून बाहेर जाणाऱ्या हवेत त्याचे प्रमाण साधारण एक टक्क्याच्याही खाली असते. हवेचे प्रमाण अफाट, वायू विरळ. तो पकडणे किंवा जाळणे खरोखरच अवघड आणि खर्चिक आहे. ड्रेनेजच्या पाइपातला वायू तसा नसतो. तो दाट असतो. किंबहुना तो ३० टक्क्यांच्या खाली उतरू द्यायचा नाही, कारण मग तो स्फोटक पट्ट्याच्या फार जवळ येतो. म्हणजे खाणीच्या एकूण मिथेनपैकी जो भाग एका पाइपात, एका व्हॉल्व्हमागे, मोजून आपल्या हातात आलेला आहे, तोच आपण चिमणीतून आकाशात सोडून देतो आणि वर त्याला सुरक्षा म्हणतो. कामगाराची सुरक्षा वायू पंपापर्यंत आला तिथेच साधली. पंपाच्या पुढे जे होते तो पूर्णपणे पर्यावरणाचा प्रश्न आहे आणि पर्यावरण परिणाम अहवालाने तो तसाच हाताळायला हवा.

हिशेब कठीण नाही. समजा, एका ड्रेनेज केंद्रातून मिनिटाला १० घनमीटर शुद्ध मिथेन येतो. दिवसाचे झाले १४,४०० घनमीटर, वजनात जवळपास १० टन. खनिज मिथेनचा तापमानवाढीचा परिणाम १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३० पट आणि २० वर्षांच्या हिशेबाने ८० पटींहून जास्त धरला जातो. शंभर वर्षांचाच आकडा घेतला तरी हे १० टन म्हणजे रोजचे ३०० टन कार्बन डायऑक्साइड. तोच वायू जाळला तर एका टनापासून २.७५ टन, म्हणजे दिवसाला साडेसत्तावीस टन. वीज नको, इंजिन नको, नुसता बंदिस्त फ्लेअर (वायू जाळून टाकणारी भट्टी) लावून जाळला तरी नऊ-दशांश भार उतरतो. मी पाहिलेल्या अहवालांत डंपरच्या धुळीवर पानेच्या पाने असतात, झाडांची मोजदाद असते, पण हा गुणाकार नसतो.

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात वेस्ट एल्क नावाची भूमिगत खाण आहे. तिथे ड्रेनेजच्या विहिरींसाठी, म्हणजे जमिनीवरून मारायच्या बोअरसाठी, रस्ते नसलेल्या राखीव जंगलात रस्ते आणि विहिरींचे ओटे करावे लागणार होते, त्यावरून वर्षानुवर्षे वाद चालला. खाणीच्या विस्ताराच्या अहवालात सरकारी यंत्रणांनी कोळशाचे आर्थिक फायदे आकड्यांत मांडले, पण हवामानाच्या नुकसानीचा आकडा काढता येत नाही असे सांगितले. गंमत म्हणजे मसुद्यात तो आकडा होता, अंतिम अहवालातून तो गाळला गेला. जून २०१४ मध्ये फेडरल न्यायालयाने या पद्धतीला मनमानी ठरवले. फायदा मोजायचा आणि तोटा ‘मोजता येत नाही’ म्हणायचे, हे चालणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

त्याच खोऱ्यातल्या एल्क क्रीक खाणीच्या मिथेनवर २०१२पासून ३ मेगावॅट वीज तयार होऊ लागली. त्यात पैसे घातले अ‍ॅस्पेन स्कीइंग कंपनीने. ज्यांचा धंदा बर्फावर, त्यांना हा हिशेब लवकर कळला म्हणायचे! चीनमधल्या शान्सी प्रांतातील सिहे खाणीवर तर १२० मेगावॅटचे केंद्र आहे. युरोपीय संघाने २०२४च्या मिथेन नियमावलीत ड्रेनेज केंद्रांतून वायू तसाच सोडण्यावर १ जानेवारी २०२५पासून बंदी घातली आहे, आणीबाणीसारखे मोजके अपवाद ठेवून. फ्लेअर खाणीजवळ म्हणजे आगीशी खेळ, हा आक्षेप मी नोकरीत पुष्कळ ऐकला. ज्वालारोधक, अंतर, ऑक्सिजनचे प्रमाण वाढताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, ही सगळी सामग्री जुनी आणि परिचित आहे. जिथे वायूची प्रत टिकत नाही किंवा विहीर थोड्याच दिवसांची आहे तिथे जाळणे परवडत नसेलही. मग तसे आकड्यांनिशी लिहा, निदान तो पर्याय तपासला तरी पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी खाणीबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. गोफाचा श्वास वातावरणाच्या दाबावर चालतो. बॅरोमीटर झपाट्याने खाली आला की गोफातला वायू बाहेर येऊ लागतो. दाब चढला की तो आत दबून राहतो. आमच्या कार्यालयात बॅरोमीटर भिंतीवर शोभेला टांगलेला नसायचा. तेव्हा एका स्वच्छ दिवशी घेतलेल्या नमुन्यावरून वर्षाचे उत्सर्जन ठरवणारा अहवाल मला कोणी दाखवू नये. आणि खाण बंद झाली म्हणून हा श्वास थांबत नाही. जुन्या बोअरची सिमेंटने नीट तोंडे बुजवली नाहीत तर वायू त्यांतून वर्षानुवर्षे झिरपत राहतो. त्याची जबाबदारी आणि खर्च कोणाकडे, हे परवानगीच्या वेळीच लिहून घ्यायला हवे.

माझी आपल्याला विनंती आहे की अशा प्रकल्पाची बातमी देताना आपल्या वार्ताहराने ड्रेनेजच्या पंपावर वर्षाला किती वायू येणार आणि त्यातला किती जाळला किंवा वापरला जाणार, हे दोन आकडे मागावेत. पंपावर प्रवाह आणि मिथेनचे प्रमाण मोजल्याशिवाय कोणतेही ड्रेनेज सुरक्षितपणे चालवता येत नाही, त्यामुळे चालू खाणीत हे आकडे पाळीच्या नोंदवहीत असतातच. नव्या खाणीतही पंप किती ताकदीचा घ्यायचा, हे अंदाज बांधल्याशिवाय ठरत नाही. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर ते तसेच छापा आणि खाली त्या पंपाची क्षमता द्या.

– एक निवृत्त वायुवीजन अधिकारी