शून्य टक्के जमिनीचे दोन बेट-देश

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

जगातल्या लहान बेटांवरच्या पेरणीयोग्य जमिनीचा १९६१ पासूनचा तक्ता आपण रविवारच्या पुरवणीत छापलात, आनंद वाटला. पण 'बेटांवरची शेती आटते आहे' हा त्याखालचा निष्कर्ष मात्र घाईने काढल्यासारखा वाटतो.

प्रशांत महासागरातले तुवालू आणि नाउरू हे दोनच चिमुकले देश घ्या. एक २६ चौरस किलोमीटरचा, दुसरा २१. आपल्याकडची दोन-तीन मोठी गावशिवारं एकत्र केली तर एवढीच जमीन भरेल. तक्त्यात दोन्ही नावांपुढे पेरणीयोग्य जमीन शून्य टक्के. पण हे आकडे गोळा करणारी जागतिक अन्न व कृषी संघटना पेरणीयोग्य जमिनीत मुख्यतः हंगामी पिकांचं रान आणि पाच वर्षांच्या आतली पड धरते. नारळ, आंबा, फणस वेगळ्या रकान्यात जातात. तुवालूची माणसं नारळावर जगतात, शिवाय जमिनीत गोड्या पाण्यापर्यंत खड्डे खणून त्यात अळूसारखा 'पुलाका' लावतात. समुद्राचं खारं पाणी या खड्ड्यांत शिरायला लागलंय, ही तिथली खरी चिंता. ती शून्यात कुठे दिसणार?

नाउरूचं दुखणं याहून जुनं. १९०७ च्या सुमारास तिथे फॉस्फेट खणायला सुरुवात झाली आणि बेटाचा जवळपास चार-पंचमांश भाग खरवडला गेला. उरले ते चुनखडीचे सुळके. तिथे पेरा कधी नव्हताच, त्यामुळे एवढी जमीन गेली तरी तक्त्याच्या हिशेबी काहीच घडलं नाही! (ते फॉस्फेट खत म्हणून परक्यांच्या शेतात गेलं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं समजावायला नको.)

मॉरिशस उलट्या टोकाला. १९९० च्या सुमारास जवळपास निम्मं बेट पेरणीयोग्य होतं, आता प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आत आलंय. समुद्राने ती जमीन खाल्ली नाही. ऊस हंगामी पिकांत मोजतात. २००६ पासून युरोपीय संघाने साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला, तसा ऊस मोडला गेला आणि काही रानांवर परदेशी धनिकांचे बंगले उभे राहिले. ऊस आणि कारखान्यावर जीव टांगलेल्या आपल्या बीड-लातूरकरांनी हे नीट वाचावं. त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाजही आहे, हे जाता जाता.

दुसरी अडचण मापाची. हे आकडे वर्षानुवर्षं हजार हेक्टरांत आणि बऱ्याचदा अंदाजाने दिले गेले. दोन-अडीच हजार हेक्टरांच्या बेटावर एक हजाराचा फेर म्हणजे टक्केवारीत चाळीस-पन्नासची उडी. शेतात मात्र एक कुदळही पडलेली नसते.

मोठ्या मुलखात टक्केवारी याच्या उलट वागते, लपवते. जायकवाडीच्या नाथसागराखाली सुमारे ३५० चौरस किलोमीटर जमीन गेली. मालदीवच्या सगळ्या बेटांची मिळून जमीन तीनशेच्या आसपास आहे. म्हणजे एक अख्खा देश मावेल एवढं गोदाकाठचं रान पाण्यात गेलं. त्यातला अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातला वाटा वेगळा न काढताही मराठवाड्याच्या ६४ हजार चौरस किलोमीटरांत ते जेमतेम अर्धा टक्का भरतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याच जमिनीवर गाळपेर होते, ती कोणत्या रकान्यात धरायची हा आणखी एक प्रश्न.

बेटांचा तक्ता छापलात तसा आता आपल्या आठ जिल्ह्यांचा, तालुकावार छापा, एवढीच विनंती. 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' या सरकारी पुस्तिकांत जमीनवापराची बरीच आकडेवारी मिळते. टक्क्यांशेजारी हेक्टर द्या. आणि एनए होऊन प्लॉटिंगला गेलेली, तलावाखाली गेलेली आणि नुसती पडीक राहिलेली जमीन एकाच बेरजेत घालू नका. पडीक रान पुढच्या चांगल्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येतं, प्लॉट पडलेलं येत नाही.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड